मोडणाऱ्यांनी लिहून ठेवलेला इतिहास

एम.ए.च्या वर्गात फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ शिकवायला घेतले की एक प्रश्न हमखास येतो. १५६७ मध्ये गोव्याच्या साष्टी भागातील देवळे पाडली गेली. १५७९ मध्ये स्टीफन्स गोव्यात आला. १६१६ मध्ये त्याच साष्टीतील राशोल येथे त्याचा सुमारे ११ हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापून निघाला. मग विद्यार्थी विचारतात, ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्याच छायेत बसून हा माणूस आमच्या भाषेवर इतके प्रेम कसे करू शकला? आणि ते प्रेम आम्ही कसे वाचायचे? दरवर्षी आम्ही आपल्या परीने काही उत्तर देतो, तास संपतो, आणि प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

पॅसिफिक महासागरातील बेटांवर कॅथलिक मिशनांनी केलेल्या कार्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा हाच प्रश्न आम्हांला पुन्हा भेटला. गोव्याचा काळ दूरचा आणि त्याचे राजकारण गुंतागुंतीचे. पॅसिफिकातील मुख्य घडामोडी मात्र एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, बेटे लहान आहेत आणि कागदपत्रे विपुल आहेत. एखाद्या बेटावर पहिला धर्मगुरू कोणत्या दिवशी उतरला, देवालय कधी मोडले, राजाचा बाप्तिस्मा कधी झाला, हे सारे तारीखवार सांगता येते. अडचण एवढीच, की हे सांगणारा साक्षीदार बहुतेक ठिकाणी एकच आहे, आणि तो मोडणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

या कार्याचा पहिला टिकाऊ आरंभ ग्वाम बेटावर झाला. १६६८ मध्ये दिएगो लुईस दे सान व्हितोरेस हा स्पॅनिश जेझुइट तेथे आला. स्पेनच्या राणीवरून या द्वीपसमूहाला मारियाना हे नाव देण्यात आले. सान व्हितोरेसने चामोरो भाषेचे व्याकरण लिहिले. त्या भाषेविषयीच्या सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. चामोरो लोक पूर्वजांच्या कवट्या जपून ठेवीत आणि त्यांना मान देत. जेझुइटांनी त्या कवट्या नष्ट केल्या. ही रीत आज आपल्याला तपशिलाने कळते ती जेझुइटांच्याच वृत्तांतांतून. २ एप्रिल १६७२ रोजी तुमोन येथे मातापांग या प्रमुखाच्या मुलीला सान व्हितोरेसने बापाच्या मर्जीविरुद्ध बाप्तिस्मा दिला. मातापांगने हिराओ नावाच्या साथीदारासह त्याला आणि त्याचा तरुण फिलिपिनो मदतनीस पेद्रो कालुंगसोद याला ठार केले. पुढे १६९५ पर्यंत स्पॅनिश सैन्य आणि चामोरो यांच्यात चकमकी चालूच राहिल्या. विखुरलेल्या लोकांना मोजक्या गावांत आणून वसवण्यात आले, साथी पसरल्या, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी चामोरोंची संख्या चार हजारांच्याही आत आली. आज तुमोनच्या हॉटेलांच्या रांगेतून जाणारा रस्ता सान व्हितोरेसच्या नावाचा आहे, आणि त्याच तुमोनमधील एका सार्वजनिक किनाऱ्याला मातापांगचे नाव आहे. दोन्ही नावे एकमेकांशेजारी सुखाने नांदतात. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ती इतकी जवळ क्वचितच येतात.

यानंतरची मोठी लाट दीडशे वर्षांनी आली. मधल्या काळात लंडन मिशनरी सोसायटीचे प्रॉटेस्टंट मिशनरी १७९७ मध्ये ताहितीला आणि अमेरिकन मिशनरी १८२० मध्ये हवाईला पोहोचले होते. आपण मागे पडलो ही जाणीव रोमला होती. १८३३ मध्ये पूर्व ओशनियाचा प्रदेश पिकपस या फ्रेंच संघाकडे, तर १८३६ मध्ये पश्चिम ओशनियाचा प्रदेश नव्याने मान्यता मिळालेल्या मारिस्ट संघाकडे सोपवण्यात आला. ज्या बेटांवर अजून एकही कॅथलिक धर्मगुरू उतरलेला नव्हता त्यांचीही वाटणी नकाशावर आधीच झाली होती.

या कार्याला पैसा आणि वाचक कोठून मिळाले, हे येथे पाहिले पाहिजे. १८२२ मध्ये फ्रान्समधील ल्याँ शहरात धर्मप्रसारासाठी एक संस्था स्थापन झाली. दहा-दहा सभासदांचे गट करायचे आणि प्रत्येकाने आठवड्याला एक सू हे किरकोळ नाणे द्यायचे, अशी तिची साधी योजना होती. संस्थेचे नियतकालिक निघे आणि त्यात दूरदेशीच्या मिशनऱ्यांची पत्रे छापली जात. म्हणजे बेटावरून लिहिलेले पत्र हा अहवाल होता, मदतीची विनंती होती आणि घरोघर वाचले जाणारे साहित्यही होते. बखर वाचताना ती कोणाच्या आज्ञेवरून आणि कोणासाठी लिहिली हे आपण आधी विचारतो. या पत्रांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो. ती खोटी आहेत असे मुळीच नाही. मात्र जो वाचक आठवड्याला एक सू देतो त्याला अंधार आणि उजेड यांची कथा हवी असते, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते.

७ ऑगस्ट १८३४ रोजी पिकपस संघाचे ओनोरे लावाल आणि फ्रांस्वा कारे हे गांबिये द्वीपसमूहात उतरले. या समूहातील मुख्य बेट मांगारेवा. दोन वर्षांच्या आत तेथील देवालये मोडली गेली, देवांच्या लाकडी मूर्ती जाळल्या गेल्या, आणि २५ ऑगस्ट १८३६ रोजी राजा ते मापुतेओआ याने बाप्तिस्मा घेऊन ग्रेगोरिओ हे नाव धारण केले. थोड्या मूर्ती मात्र विजयाच्या खुणा म्हणून युरोपात पाठवण्यात आल्या. ‘तू’ या देवतेची अशी एक मूर्ती आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. जी जाळली नाही तीच उरली, आणि ती उरली ती जिंकणाऱ्याच्या घरी.

लावाल मांगारेवावर सुमारे ३५ वर्षे राहिला. या काळात बेटावर प्रवाळाचे दगड कापून चर्चे, शाळा, मठ आणि विणकामाच्या शाळा उभ्या राहिल्या. रिकितेआ गावचे सेंट मायकेल कॅथीड्रल १८३९ मध्ये बांधायला घेतले. त्यात सुमारे १२०० माणसे बसू शकतात, आणि वेदी शिंपल्यांच्या मोतिया कवचांनी मढवलेली आहे. एवढे मोठे देऊळ उभे राहत असताना बेटावरची वस्ती घटत चालली होती. काही हजारांची लोकसंख्या शतकाच्या अखेरीस पाचशेच्या आसपास उरली. लावालने लोकांना राबवून मारले, असा आरोप पुढे झाला. बाहेरून आलेले रोग, विशेषतः क्षय, हे या ऱ्हासाचे मुख्य कारण होते हे आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. पण कडक शिस्तीच्या आणि सक्तीच्या ज्या राजवटीत हे मृत्यू घडले तिची जबाबदारी तेवढ्याने संपत नाही. मोत्यांच्या व्यापाऱ्यांशी लावालचे तंटे झाले, ताहितीतील फ्रेंच अधिकाऱ्यांकडे तक्रारी गेल्या, आणि १८७१ मध्ये त्याला ताहितीला हलवण्यात आले. १८८० मध्ये तो तेथेच वारला.

हाच लावाल मांगारेवाच्या जुन्या जगाचा सर्वांत तपशीलवार इतिहासकार आहे. वंशावळी, राजांच्या लढाया, देवतांची नावे, विधी आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी त्याने वर्षानुवर्षे टिपून ठेवल्या. त्याचे हस्तलिखित १९३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी माओरी वंशाचा मानववंशशास्त्रज्ञ ते रांगी हिरोआ याचा मांगारेवाविषयीचा ग्रंथ निघाला. तोही लावालच्या टिपणांशिवाय आणि आणखी एका लेखनाशिवाय उभा राहू शकला नसता. ते दुसरे लेखन तिरिपोने मामा ताइरा पुताइरी या मांगारेवन माणसाचे होते. तो मिशनच्या शाळेत शिकला, १८७४ मध्ये धर्मगुरू झाला आणि अवघ्या पस्तिशीच्या आसपास वारला. त्याने बेटाच्या जुन्या कथा आपल्याच भाषेत लिहून ठेवल्या होत्या. देवालये ज्या पिढीने मोडली तिच्या मुलाने मिशनने दिलेली अक्षरे घेऊन आजोबांच्या देवांची हकीकत लिहावी, हे आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके दृश्य वाटते.

मोडणे आणि लिहिणे यांच्या जोडीला तोफही होती, हे विसरून चालणार नाही. लावाल आणि कारे १८३६ मध्ये ताहितीला गेले असता राणी पोमारे चौथी हिने, इंग्रज मिशनऱ्यांच्या सल्ल्याने, त्यांना बेटाबाहेर काढले. १८३८ मध्ये फ्रेंच युद्धनौका आली. तिच्या कप्तानाने, द्युपेती-थुआर याने, माफी आणि २००० स्पॅनिश डॉलर वसूल केले. १८४२ मध्ये तोच पुन्हा आला आणि ताहिती फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. हवाईतही तसेच घडले. १८२७ मध्ये आलेले पिकपसचे धर्मगुरू १८३१ मध्ये हाकलले गेले होते. १८३९ मध्ये फ्रेंच कप्तान लाप्लास याने तोफा रोखून कॅथलिकांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळवून दिले आणि हमी म्हणून २० हजार डॉलर ठेवून घेतले. उपासनेचे स्वातंत्र्य ही चांगलीच गोष्ट. पण ते बंदराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जहाजातून उतरले होते, आणि त्या जहाजाला स्वतःचेही काही हवे होते.

फुतुना बेटावर मात्र आरंभी तोफ नव्हती. मारिस्ट संघाचा पियेर शानेल १२ नोव्हेंबर १८३७ रोजी एका सहकारी ब्रदरसह तेथे उतरला. राजा नियुलिकी याने त्याला आश्रय दिला. शानेल भाषा शिकला, आजाऱ्यांना भेटत राहिला आणि रोजनिशी लिहीत राहिला. साडेतीन वर्षांत धर्मांतरे अगदी थोडी झाली. मग राजाचा मुलगा मेइताला हाच नव्या धर्माकडे वळला. फुतुनात राजेपण आणि देवत्व एकमेकांत मिसळलेले होते; वारसच फिरला तर राज्याच्या पायालाच धक्का बसणार. २८ एप्रिल १८४१ रोजी राजाचा आप्त मुसुमुसु आणि त्याच्या साथीदारांनी शानेलला ठार केले. काही वर्षांतच जवळजवळ सारे बेट कॅथलिक झाले, खुद्द मुसुमुसुनेही बाप्तिस्मा घेतला, आणि १९५४ मध्ये शानेलला संतपद मिळाले. शानेलची रोजनिशी आपल्याजवळ आहे. नियुलिकीच्या मनात त्या महिन्यांत काय चालले होते हे सांगणारा त्याच्या बाजूचा एकही कागद नाही. एकाची बाजू लेखी आणि दुसऱ्याची मौनात, अशा खटल्याचा निकाल आपण वाचत असतो.

लिहिणाऱ्यांनी सर्वांत मोठे कोडे मागे ठेवले ते रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर. पिकपस संघाचा युजेन एरो जानेवारी १८६४ मध्ये तेथे पोहोचला. घरोघरी चिन्हे कोरलेल्या लाकडी फळ्या आहेत, असे त्याने त्याच वर्षीच्या पत्रात कळवले. पॉलिनेशियातील या एकमेव लिपीचा, ‘रोंगोरोंगो’चा, बाहेरच्या जगाला मिळालेला हा पहिला दाखला. ही वार्ता आली तेव्हा लिपी वाचणारे जवळजवळ संपले होते. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसे पळवून नेली होती. परत आले ते मोजके आणि येताना देवीची साथ घेऊन आले. १८७७ मध्ये बेटावर अवघी १११ माणसे उरली. मिशनऱ्यांनी फळ्या जाळायला लावल्या, असे म्हटले जाते. त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु वाचणाऱ्यांचा वर्गच नाहीसा झाला की ग्रंथ जाळायची गरज उरत नाही, हे मात्र खरे.

१८६८ मध्ये ताहितीचा बिशप तेपानो जोसाँ याला रापा नुईच्या नवख्रिस्ती लोकांनी केसांची एक लांब दोरी भेट पाठवली. ती ज्या लाकडी फळीवर गुंडाळली होती तिच्यावर ही अक्षरे होती. जोसाँला तिचे महत्त्व तत्काळ उमगले. त्याने बेटावरील धर्मगुरूंना आणखी फळ्या शोधायला सांगितले आणि ताहितीत मजुरी करणाऱ्या मेतोरो नावाच्या रापा नुईच्या माणसाला समोर बसवून त्या वाचून घेतल्या. मेतोरो फळी फिरवीत गात असे आणि बिशप लिहून घेत असे. त्या गाण्यांतून सलग अर्थ लागला नाही. तरीही जोसाँने केलेली चिन्हांची यादी पुढच्या संशोधनाचा आधार ठरली. ‘मामारी’ या फळीवर चांद्रमासाची गणना आहे हे जर्मन संशोधक टॉमास बार्टेल याने १९५८ मध्ये दाखवून दिले. त्यापलीकडे लिपी अजून उलगडलेली नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनात, जोसाँने जमवलेल्या आणि आता रोममध्ये असलेल्या फळ्यांपैकी एकीचे लाकूड पंधराव्या शतकातले निघाले. युरोपीय लोक या बेटावर प्रथम पोहोचले ते १७२२ मध्ये. लाकडाचे वय म्हणजे कोरणीचे वय नव्हे, हे खरे. तरी ही लिपी बेटवासीयांनी स्वतःच घडवली असावी या मताला त्यामुळे बळ मिळाले. जोसाँ नसता तर हा शोध लागायला फळीच उरली नसती. त्याच्या पाठीशी असलेले मिशन बेटावर ज्या काळात आले त्याच काळात ती लिपी कायमची मुकी झाली. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांतले एक खोडून दुसरे ठेवण्याचा मोह आपण आवरला पाहिजे.

एकाच माणसाच्या उजेडात बाकीचे कसे दिसेनासे होतात, याचे उदाहरण मोलोकाई बेटावरील कलाउपापाचे. हवाईच्या सरकारने १८६६ पासून कुष्ठरोग्यांना तेथे पाठवायला सुरुवात केली, आणि १९६९ मध्ये ही सक्ती उठेपर्यंत सुमारे आठ हजार माणसे तेथे धाडली गेली. १८७३ मध्ये बेल्जियन धर्मगुरू डेमियन तेथे गेला, त्याच रोगाने १८८९ मध्ये वारला, आणि २००९ मध्ये संत ठरला. त्याच्या मृत्यूनंतर होनोलुलूच्या एका प्रॉटेस्टंट पाद्र्याने त्याची निंदा केली, तेव्हा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८९० मध्ये लिहिलेले खुले पत्र जगभर गाजले. डेमियनचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्याच्याही आधी तेथल्या रोग्यांनी आपली प्रार्थनामंडळी उभी केली होती. अँब्रोज हचिसन नावाच्या एका रोग्याने पन्नासहून अधिक वर्षे तेथे काढली, वसाहतीचा कारभार पाहिला आणि आठवणी लिहिल्या. स्टीव्हन्सनचे पत्र वाचलेल्या किती जणांनी हचिसनचे नाव ऐकले असेल?

पत्र लिहिणारे गप्प झाले की काय दिसते, ते दुसऱ्या महायुद्धात कळले. जानेवारी १९४२ मध्ये जपानी सैन्याने न्यू ब्रिटन बेटावरील राबाऊल घेतले आणि परदेशी मिशनऱ्यांना छावण्यांत डांबले. राकुनाई गावचा पीटर टो रोट हा टोलाई जमातीचा, १९१२ मध्ये जन्मलेला, बायकामुलांचा माणूस. तो धर्मगुरू नव्हता. गावात धर्मशिक्षण देणारा साधा शिक्षक होता. प्रार्थना, बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी हे सारे तो चालवत राहिला. जपान्यांनी बहुपत्नीत्वाला पुन्हा मोकळीक दिली तेव्हा त्याने उघड विरोध केला, आणि जुलै १९४५ मध्ये कैदेत त्याला ठार मारण्यात आले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला संतपद मिळाले. पापुआ न्यू गिनीचा तो पहिला संत. त्याची हकीकत आपल्यापर्यंत आली ती प्रामुख्याने त्याच्या गावकऱ्यांच्या आणि नातलगांच्या तोंडून. शंभर वर्षे ज्यांच्या विषयी पत्रे लिहिली गेली ते येथे प्रथमच स्वतः साक्षीदार झालेले दिसतात.

या इतिहासाचे दोन सोपे सारांश तयार मिळतात. एक म्हणतो, मिशनऱ्यांनी बेटांना अक्षरे आणि औषधे दिली. दुसरा म्हणतो, त्यांनी बेटांचे सर्वस्व हिरावले. दोन्हींत बेटवासी केवळ घेणारे किंवा गमावणारे ठरतात. मात्र मेतोरोने गायले नसते, मांगारेवाच्या म्हाताऱ्यांनी सांगितले नसते, तर जोसाँ आणि लावाल यांच्या वह्या कोऱ्याच राहिल्या असत्या. त्या वह्यांत हात मिशनऱ्याचा आहे, आवाज दुसऱ्याचा आहे. काही सांगितले गेले असेल, काही मुद्दाम सांगितले गेले नसेल. तो आवाज आणि ते मौन दोन्ही ऐकू येईपर्यंत वाचत राहणे, एवढे आपल्या हाती आहे.

आणि म्हणून येत्या वर्षी वर्गात तो प्रश्न आला की आम्ही स्टीफन्सच्या प्रेमाविषयी थोडे कमी बोलणार आहोत. इंग्लंडातून आलेल्या त्या माणसाला ओवी शिकवली कोणी? साष्टीतल्या कोणाच्या अंगणात बसून, कोणाच्या तोंडून त्याने पुराण ऐकले? देवळे पाडली गेली तेव्हा ते लोक कोठे होते? विद्यार्थ्यांनी आम्हांला विचारलेल्या प्रश्नाच्या बदल्यात हे प्रश्न आम्ही त्यांना देऊ. ग्रंथाच्या पहिल्या पानावर या शिकवणाऱ्यांची नावे नाहीत. पण ११ हजार ओव्यांमध्ये त्यांचा श्वास आहे, आणि तो ऐकण्याचे काम अजून व्हायचे आहे.